सैन्याच्या रसदीमागील अभियंता : ही पदे कोणास व कशी मिळतात

पानिपतची कथा आपल्या घरोघरी सांगितली जाते. परंतु तिच्यातील एक गोष्ट पुष्कळदा सांगावयाची राहून जाते. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठी फौज रणांगणात उतरली ती उपाशीपोटी. त्यापूर्वी कित्येक आठवडे तिची रसद तुटत गेली होती, आणि उत्तरेकडून रसद पोचविण्याचा भार ज्यांच्यावर होता ते गोविंदपंत बुंदेले १७६० च्या अखेरीस मारले गेले होते. शौर्याच्या पाठीशी धान्य, दारूगोळा, वाट आणि दुरुस्ती नसेल तर काय होते, हे याहून अधिक सांगावयास नको. या पाठीमागच्या कामासच आज लॉजिस्टिक्स म्हणतात, आणि त्याचा मोठा भाग अभियंत्यांच्या हाती असतो.

आपल्या समाजातील मुलगा किंवा मुलगी अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडते तेव्हा घरातील मंडळींच्या डोळ्यांपुढे खाजगी कारखाना किंवा परदेश एवढ्याच दोन वाटा असतात. संरक्षण खात्यात गणवेश न घालताही अभियंत्याला मोठी अधिकारपदे आहेत, हे थोड्यांनाच ठाऊक असते. आणि ज्यांना ठाऊक होते त्यांना ते बहुधा वेळ टळून गेल्यावर होते. म्हणून या वाटेची माहिती येथे एकत्र करून देण्याचे योजिले आहे.

प्रथम ही पदे कोठे आहेत ते पाहू. मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस ही संस्था १९२३ पासून कार्य करीत आहे. तिन्ही सेनादलांच्या इमारती, पाणी, वीज, धावपट्ट्या व कोठारे यांची उभारणी व देखभाल ती करते. तिच्यातील मुलकी अभियंते इंडियन डिफेन्स सर्व्हिस ऑफ इंजिनिअर्स या सेवेत असतात आणि त्यांचे शिक्षण पुण्याच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये होते. दुसरी संस्था सीमा सडक संघटना, स्थापना १९६०. रोहतांग खिंडीखालील ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा तिच्या देखरेखीखाली झाला व ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला. जी खिंड हिमामुळे वर्षाकाठी सुमारे सहा महिने बंद राही, तिच्याखालून आता हिवाळ्यातही लाहौलपर्यंत गाडी जाते. लढाख सीमेवरील सैनिकाच्या दृष्टीने याचा अर्थ काय, हे वाचकांनीच ताडावे.

यांखेरीज रणगाडे, तोफा, वाहने व विद्युत् उपकरणे यांची दुरुस्ती करणाऱ्या ई.एम.ई. या सैन्यदलात मुलकी अभियंत्यांची पदे आहेत. खडकी येथे तिचे मोठे दुरुस्ती-कार्यालय आहे. नौदलाच्या शस्त्रास्त्रांसाठी एक व सामग्रीसाठी एक अशा दोन स्वतंत्र सेवा आहेत. युद्धनौकेस लागणारा सुटा भाग मुंबई, कोची वा विशाखापट्टणमच्या भांडारात वेळेवर असावा, ही चिंता सामग्री-सेवेची. विमानसामग्रीची गुणवत्ता तपासणारी सेवा आणखी निराळी.

येथे एक जुनी समजूत दूर करणे अवश्य आहे. ‘ऑर्डनन्स फॅक्टरीत अधिकारी व्हा’ असा सल्ला वडीलधारी मंडळी अजूनही देतात. परंतु १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याचे ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. पूर्वी त्या सेवेत प्रवेश ज्या परीक्षेने होई, त्या परीक्षेच्या भरवशावर आज त्या कारखान्यांत जाण्याचा बेत करू नये. त्या कंपन्यांच्या जाहिराती स्वतंत्रपणे पाहाव्या.

आता मुख्य मुद्दा. मुख्य अभियंत्यासारखे वरिष्ठ पद बाहेरून अर्ज करून सहसा मिळत नाही. सहायक कार्यकारी अभियंता या पायरीवर आत जावयाचे, आणि तेथून कार्यकारी, अधीक्षक व मुख्य अभियंता असे अनुभवाने चढावयाचे. सातव्या वेतन आयोगाने या पहिल्या पायरीचे मूळ वेतन दरमहा ५६,१०० रुपये ठरविले होते. या पायरीवर नेणारे प्रमुख द्वार म्हणजे केंद्रीय लोकसेवा आयोगाची अभियांत्रिकी सेवा परीक्षा, आणि ते वयाच्या तिसाव्या वर्षी बंद होते.

नियम असा की, परीक्षेच्या वर्षाच्या १ जानेवारीस उमेदवाराची २१ वर्षे पुरी झालेली असावीत, पण ३० पुरी झालेली नसावीत. उदाहरणार्थ, २०२५ च्या परीक्षेस २ जानेवारी १९९५ रोजी जन्मलेला उमेदवार पात्र होता. त्याच्या आदल्या दिवशी जन्मलेला पात्र नव्हता. अनुसूचित जाती-जमातींना पाच व इतर मागासवर्गीयांना तीन वर्षांची सवलत आहे. काही ठराविक सरकारी खात्यांत आधीच नोकरीस असलेल्यांना त्या त्या सेवेसाठी पस्तिसाव्या वर्षापर्यंत मुभा मिळते. वयात बसेपर्यंत कितीही वेळा परीक्षेस बसता येते, आणि पदवीच्या अखेरच्या वर्षातील विद्यार्थ्यासही अर्ज करता येतो. म्हणजे बाविसाव्या वर्षी पदवीधर झालेल्यास सात-आठ संधी असतात. ‘चार पैसे गाठीशी बांधून मग पाहू’ म्हणून अठ्ठाविसाव्या वर्षी जागा झालेल्यास एक किंवा दोन.

परीक्षा चार शाखांची आहे : सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, आणि इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार. तिचे टप्पे तीन. पूर्वपरीक्षा ५०० गुणांची. त्यांपैकी २०० गुण सामान्य ज्ञान व अभियांत्रिकी कल यांना आणि ३०० गुण स्वतःच्या शाखेला. चुकीच्या उत्तरास त्या प्रश्नाचे एक-तृतीयांश गुण वजा होतात. मुख्य परीक्षेत ३०० गुणांच्या दोन लेखी पत्रिका असतात. शेवटी २०० गुणांची मुलाखत. एकूण १,३०० गुण. सनदी सेवेच्या परीक्षेत पूर्वपरीक्षा केवळ चाळणी असते. येथे तिचे गुण अंतिम निकालात धरले जातात, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. पत्रिका इंग्रजीतच असतात. मराठी वा गुजराती माध्यमातून आलेल्या मुलांनी त्याने खचून जाऊ नये, परंतु इंग्रजीत नेमके उत्तर लिहिण्याचा सराव पहिल्या दिवसापासून ठेवावा.

अभ्यासक्रम पाहिला तर रसदीचा विचार त्यात आरंभापासूनच आहे. पहिल्या पत्रिकेत प्रकल्प-व्यवस्थापन, गुणवत्तेचे मानदंड, पदार्थविज्ञान, सुरक्षितता व व्यावसायिक नीती हे विषय येतात. मेकॅनिकल शाखेत उत्पादन-नियोजन, सामग्री-व्यवस्थापन, यंत्रे कशी निकामी होतात त्याची मीमांसा, हे सारे आहे. एखादा सुटा भाग किती शिल्लक राहिला असता नवा मागवावा, हा प्रश्न पुस्तकात गणिताचा असतो. भांडारात तोच प्रश्न एखादे जहाज बंदरात अडकेल की समुद्रात जाईल, हे ठरवितो.

जागा मात्र थोड्या असतात, हे लपविण्यात अर्थ नाही. सर्व शाखा व सर्व खाती मिळून २०२३ च्या जाहिरातीत सुमारे ३२७ आणि २०२४ च्या जाहिरातीत सुमारे १६७ जागा होत्या. संरक्षणाकडील त्यांतला केवळ एक भाग. कोणत्या शाखेस कोठे किती जागा, हे त्या त्या वर्षीच्या जाहिरातीतच पाहावे, आणि कोणत्या सेवेत जावयाचे त्याचा पसंतीक्रम विचारपूर्वक भरावा. पोटापाण्याची दुसरी सोय राखूनच ही तयारी करणे शहाणपणाचे.

पदविकाधारकांनीही निराश होण्याचे कारण नाही. कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेने मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस व सीमा सडक संघटना यांत कनिष्ठ अभियंता होता येते. तेथून वर चढावयास काळ अधिक लागतो, पण वाट खुली आहे. ज्यांना गणवेशाची ओढ आहे त्या पदवीधरांसाठी सैन्याची तांत्रिक भरती निराळी असून तिची वयोमर्यादा २० ते २७ अशी आणखी आखूड आहे.

महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांसाठी एक विशेष सूचना. राखीव जागेचा लाभ घ्यावयाचा असेल तर केंद्र सरकारच्या नमुन्यातील दाखला लागतो, आणि राज्याच्या यादीतील जात केंद्राच्या यादीत असेलच असे नाही. आजोबा महाराष्ट्रातून आलेले, वडिलांचा दाखला एका राज्याचा, मुलाचे शिक्षण दुसऱ्या राज्यात, अशी स्थिती पुष्कळ घरांत असते. हे कागद अर्ज भरण्याच्या आठवड्यात जुळत नाहीत. त्यांची व्यवस्था पदवीच्या दुसऱ्या वर्षीच करावी. आणि पैसे घेऊन निवड करून देतो म्हणणारा कोणी भेटलाच, तर त्यास दारातूनच निरोप द्यावा. परीक्षेचे शुल्क २०० रुपये असून महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांस तेही माफ आहे. याहून अधिक काही आयोगास द्यावे लागत नाही.

बडोद्यास श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन स्थापिले, ते आपल्या मुलांच्या हातांना विद्या मिळावी म्हणून. त्या परंपरेतून आजही दरवर्षी अभियंते बाहेर पडतात. आपला न्यास शिष्यवृत्त्या देतो, त्या देतेवेळी प्रत्येक विद्यार्थ्याला, आणि विशेषतः प्रत्येक विद्यार्थिनीला, एक प्रश्न अवश्य विचारावा : तिसाव्या वर्षाआधी तुला किती संधी आहेत, हे तू मोजले आहेस काय? मुलीचे लग्न आणि मुलाची पहिली नोकरी या दोन गोष्टींच्या घाईत ही वर्षे नकळत निघून जातात. तीन वर्षे घरातून धीर व न्यासाकडून पुस्तके मिळाली, तर यश येवो अथवा न येवो, ‘आम्हाला कोणी सांगितले नाही’ असे म्हणण्याची पाळी कोणावर येणार नाही. या महोत्सवाच्या निमित्ताने सर्व पालकांस व विश्वस्तांस एवढीच विनंती आहे.