चूक कामगाराची, तरी भरपाई मालकाची

मिरजोळे एमआयडीसीत यंत्रात कामगाराचा अंगठा गेला, की पहिला प्रश्न येतो: चूक कोणाची? भरपाईच्या कायद्याला 1923 पासून त्याचे फारसे सोयरसुतक नाही. इजा कामामुळे, कामावर असताना झाली का, एवढेच तो पाहतो. नशा किंवा सुरक्षेचे नियम मुद्दाम मोडणे हे अपवाद खरे, पण मृत्यू ओढवला तर तेही मालकाच्या कामी येत नाहीत. अंगठ्याची हानी 30 टक्के धरतात. वय 30, पगार 15,000 असेल तर पगाराचे 60 टक्के म्हणजे 9,000, गुणिले वयानुसार ठरलेला गुणक 207.98, त्याचे 30 टक्के: सुमारे 5.61 लाख. ‘तो ठेकेदाराचा माणूस,’ ही सबब कारखान्याच्या नेहमीच्या कामात टिकत नाही. मालकाने आधी द्यावे, मग ठेकेदाराकडून वसूल करावे. ईएसआयचा विमा असेल तर मात्र दावा तिकडेच करायचा.