साडेतीन किलोंचं गणित

रायफल चालवावी लागते क्वचित, वागवावी लागते रोज. ठाणे, कल्याण किंवा डोंबिवली स्टेशनात बंदोबस्ताला उभ्या राहिलेल्या कुठल्याही जुन्या शिपायाला विचारा, पहिली तक्रार वजनाचीच निघेल. वर्षानुवर्षं त्यांच्या खांद्याला जी लांबलचक, लाकडी दस्त्याची रायफल असायची, तिला सगळे ‘थ्री-नॉट-थ्री’ म्हणत. वजन रिकामी असताना सुमारे चार किलो, लांबी ११३ सेंटिमीटर. बाजारातून येताना आपण याहून जड पिशवी आणतो, पण ती घरी आल्यावर ओट्यावर ठेवता येते. रायफल ड्युटी संपेपर्यंत कुठेही ठेवता येत नाही. आणि बहुतेकांच्या नोकरीत तिच्यातून कुणावर एक गोळीही सुटत नाही.

म्हणून रायफलीची रचना समजून घ्यायची तर ती किती लांब मारते इथून सुरुवात करू नये. ती कोणी, किती वेळ आणि कुठे वागवायची हे आधी पाहावं. बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीच्या इतिहासात कारागिरांची खरी झटापट या प्रश्नाशीच झालेली दिसते.

बोल्ट-अ‍ॅक्शन म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. उजव्या हाताशी एक दांडी असते. ती वर उचलून मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर उडतं, पुढे ढकलून खाली दाबली की मॅगझिनमधलं नवं काडतूस नळीत बसतं आणि कुलूप लागतं. सगळं काम हाताचं. गॅसची नळी नाही, दट्ट्या नाही, आपोआप हलणारा एकही भाग नाही. त्यामुळे बिघडायला फार काही उरत नाही आणि वजनही वाचतं. आजही हलक्या, भरवशाच्या एकट्या माणसाच्या रायफलीचा विषय निघाला की जाणकार बोल्टकडेच येतात, ते यासाठी.

थ्री-नॉट-थ्रीचं मूळ नाव ली-एनफिल्ड. यंत्रणा जेम्स पॅरिस ली या स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या कारागिराची, कारखाना लंडनच्या उत्तरेला एनफिल्डचा. आज ही रायफल आपल्याला बोजड वाटते, पण तिचा जन्म झाला तो वजन आणि लांबी कमी करण्यासाठी. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धापर्यंत ब्रिटिश पायदळाकडे लांब रायफल आणि घोडदळाकडे आखूड कार्बाइन असायची. त्या युद्धानंतर ठरलं की दोन हत्यारं कशाला, दोघांना चालेल अशी एकच करू. १९०३च्या सुमारास जी रायफल आली तिच्या नावातच ‘शॉर्ट’ हा शब्द होता. आधीच्या रायफलीची नळी तीस इंचांहून थोडी जास्त होती, हिची सव्वापंचवीस. सगळ्यांसाठी एक रायफल ही कल्पना त्या वेळी नवी होती आणि तिला जुन्या नेमबाजांचा बराच विरोध झाला. लांब नळीशिवाय नेम कसला, असं त्यांचं म्हणणं. लीच्या बोल्टची फेक छोटी होती, दांडी साठ अंश वळली की पुरे. मॅगझिनमध्ये दहा काडतुसं. तयारीचा ब्रिटिश शिपाई मिनिटाला पंधरा नेमके बार काढत असे. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात ती पहिल्या महायुद्धाच्या आधीच बनू लागली, आणि तिथून ती आपल्याकडच्या लष्करात नि पोलिसांत आली ती पुढची शंभर वर्षं मुक्कामाला.

या रायफलीचा पुढचा अवतार पाहण्याआधी जरा कल्याणकडे येऊ. उल्हासनगरात आजही पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर चार’ म्हणतात. ते कॅम्प मुळात निर्वासितांचे नव्हेत. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ ब्रिटिशांनी लष्करी संक्रमण छावणी उभारली होती, हजारो सैनिकांची ये-जा असलेली. जवळच नेवाळीला धावपट्टी केली. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. छावणी चालू होती तेव्हाच पूर्वेकडे ब्रह्मदेशाच्या जंगलात लढाई पेटली होती, आणि जंगलात एक मीटरहून लांब रायफल म्हणजे शिक्षा. ती बांबूत अडकते, वेलींत गुंतते, चढणीवर पाठीला टोचते.

यावर १९४४ साली निघालेला उतारा म्हणजे ली-एनफिल्ड नंबर ५, लोकांच्या तोंडी ‘जंगल कार्बाइन’. वजन सुमारे ३.२ किलो, लांबी जवळजवळ बरोबर एक मीटर. पाऊण किलोहून अधिक वजन उतरवलं कसं, हे पाहण्यासारखं आहे. नळी आखूड केली. पुढचं बरंचसं लाकूड काढून टाकलं. नळी जिथे बसते त्या पोलादी सांगाड्यावर जागोजागी कानस फिरवल्यासारखं जादाचं पोलाद छिललं. बोल्टच्या दांडीची गोळीसुद्धा आतून पोकळ केली! आखूड नळीतून बाहेर पडणारा जाळ रात्री नेमबाजाचेच डोळे दिपवतो, म्हणून तोंडाशी नरसाळ्यासारखी टोपी बसवली. दस्त्याला रबराची गादी लावली.

आणि इथे निसर्गाने आपली वसुली केली. गोळी तीच, दारू जवळपास तेवढीच, तर मागे बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा वजनाच्या उलट प्रमाणात वाढते. चारचे ३.२ किलो केले की धक्का सुमारे सव्वापट. त्यात ती रबरी गादी अरुंद होती, त्यामुळे तो धक्का खांद्यावर पसरण्याऐवजी एका पट्ट्यात बसायचा. मऊ म्हणून लावलेली वस्तूच लागायची. शिवाय शिपायांची तक्रार आली की हिचा नेम टिकत नाही, काल बसवलेला आज सरकलेला असतो. काहींनी सांगाड्याचं पोलाद छिलण्याला दोष दिला. काहींच्या मते लष्कराला एव्हाना स्वयंचलित रायफल हवी होती आणि हे निमित्त सापडलं. १९४७ साली उत्पादन थांबलं. माझं मत विचाराल तर रायफल वाईट नव्हती. जंगलात पन्नास-शंभर मीटरवर लागणारं हत्यार होतं ते, त्याला परेड मैदानावरच्या कसोट्या लावल्या गेल्या.

गंमत अशी की जवळपास चाळीस वर्षांनी अमेरिकेत एका माणसाने आदर्श रायफलीची मापं ठरवली ती जवळजवळ हीच निघाली. जेफ कूपर हा मरीन दलातला निवृत्त अधिकारी. अ‍ॅरिझोनात त्याने १९७६ साली गनसाइट नावाची नेमबाजीची शाळा काढली. १९८३ साली तिथे जाणकारांना जमवून त्याने प्रश्न टाकला, की माणसाला आयुष्यात एकच रायफल बाळगायची असेल तर ती कशी हवी? उत्तराला नाव मिळालं ‘स्काउट’. दुर्बीण आणि पट्ट्यासकट वजन तीन किलो, फार तर साडेतीन. लांबी एक मीटरच्या आत. बोल्ट-अ‍ॅक्शन. दोनशे किलोंपर्यंतचं जनावर एका गोळीत खाली आलं पाहिजे. दुर्बीण कमी ताकदीची आणि डोळ्यापासून दूर, नळीवर पुढे सरकवलेली, म्हणजे दोन्ही डोळे उघडे ठेवून भोवतालचं दिसत राहतं आणि वरून हाताने काडतुसं भरायला जागा मोकळी राहते. दुर्बीण फुटली तर खाली साधी माशी आहेच. ऑस्ट्रियाच्या स्टायर कंपनीने १९९८ साली हे सगळं प्रत्यक्षात आणलं, वर दस्त्यात जादाचं मॅगझिन आणि नळीखाली घडीचे पाय दिले.

कूपरची ही रायफल वागवणाऱ्याने स्वतःसाठी आखलेली आहे. थ्री-नॉट-थ्री ज्यांनी वागवली त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं. उलट पोलिसांसाठी ती मुद्दाम अधू करण्याची रीत होती. इशापूरलाच ली-एनफिल्डची नळी आतून गुळगुळीत करून .४१० बोअरची ‘मस्कट’ बनवत. मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा, एका वेळी एकच काडतूस. हेतू उघड होता, हत्यार दंगेखोरांच्या हाती गेलं तरी त्याचा लष्करासमोर टिकाव लागू नये. शिपायाने मात्र त्या मस्कटीचं ओझं पूर्ण रायफलीएवढंच वाहायचं.

२६ नोव्हेंबर २००८च्या रात्री सीएसटीवर या सगळ्याचा हिशेब झाला. कर्जत-कसाऱ्याच्या प्रवाशांचंच ते शेवटचं स्थानक. दोन अतिरेक्यांकडे एके-४७ होत्या, पोलिसांकडे बहुतेक लाठ्या आणि थोड्या थ्री-नॉट-थ्री. रेल्वे सुरक्षा दलाच्या जिल्लू यादव यांनी तशाच एका रायफलीतून गोळी झाडली. पन्नासहून अधिक माणसं तिथे मेली. नंतर सगळा राग त्या जुन्या रायफलीवर निघाला, आणि तो मला अर्धाच पटतो. थ्री-नॉट-थ्रीची गोळी एके-४७च्या गोळीपेक्षा लांब आणि जोरात जाते, पण पळत्या गर्दीतून नेमका माणूस टिपायला जो सराव लागतो तो शिपायाला मिळाला होता का? हल्ल्याची चौकशी करणाऱ्या राम प्रधान समितीने काडतुसांच्या टंचाईमुळे गोळीबाराचा सराव रखडल्याकडे बोट दाखवलं. पुढे स्वयंचलित हत्यारांची खरेदी झाली, जुन्या रायफली हळूहळू मागे पडल्या. सरावाचा प्रश्न मात्र हत्यार बदलून सुटत नाही.

मग कूपरची रायफल ठाण्यातल्या एखाद्या हौशी माणसाला घेता येईल का? कूपरने निवडलेला बोअर (नळीचा आतला व्यास) म्हणजे व्यवहारात लष्करी ७.६२. आपल्याकडे .३०३ काय किंवा ७.६२ काय, लष्करी बोअर सामान्य परवानाधारकाला मिळत नाहीत. कूपरला हे ठाऊक होतं. जिथे लष्करी काडतुसं निषिद्ध आहेत अशा देशांसाठी त्याने ७ मिलिमीटरचा पर्याय सुचवून ठेवला होता. भारतात या अडचणीतून वेगळी वाट निघाली, इशापूरची .३१५ स्पोर्टिंग रायफल, ली-एनफिल्डच्याच घराण्यातली. पण ती घेऊन करायचं काय? १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार संपली. शिकारी जिम कॉर्बेटची ती प्रसिद्ध रिग्बी .२७५ रायफल, जी त्यांना १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल भेट मिळाली, ती हलक्या बोल्ट-अ‍ॅक्शनचा उत्तम नमुना होती. तिचे वारसदार आता कपाटात असतात, आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा होतात. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर मिळते ती बहुधा ठासणीची बंदूक. तिला ना कूपर माहीत, ना ली.

तरीही बोल्टवर हात बसलेली तरुण मुलं या भागात शेकड्यांनी आहेत, आणि ती एनसीसीची आहेत. कॅडेटांच्या हाती येते ती .२२ डिलक्स रायफल, ४३ इंच लांब, वजन सहा पौंड दोन औंस, म्हणजे पावणेतीन किलोंच्या आसपास. लांबी सोडली तर वजनाने कूपरच्या मर्यादेत आरामात बसते! पंचवीस यार्डांवर टार्गेट, जमिनीवर अंथरलेली सतरंजी, पोटावर झोपून पाय फाकवलेले. उस्ताद हिंदीत ओरडतो, ‘शिस्त लो’. डावा कोपर रायफलीच्या बरोबर खाली यायला हवा, नाहीतर तिसऱ्या गोळीपर्यंत हात थरथरतो. गालाचा दस्त्याला रोज त्याच जागी स्पर्श हवा. श्वास अर्धा सोडून धरायचा, चाप ओढायचा नाही, दाबत न्यायचा. मग बोल्ट वर, मागे, आणि इवलंसं पितळी काडतूस कानाजवळून उडतं. .२२ला धक्का जवळजवळ नसतो, त्यामुळे पहिल्यांदा झाडणारी मुलगी दचकते ती आवाजाला. पाच गोळ्यांची भोकं किती जवळ पडली त्यावर ‘ग्रुप’ मोजतात. एक गोळी मधोमध आणि चार चारी दिशांना, यापेक्षा पाचही गोळ्या एका कोपऱ्यात पण एकमेकींना चिकटून, हे चांगलं. नेम सरकवता येतो, हात सरकवता येत नाही. फायरिंगपेक्षा जास्त वेळ साफसफाईत जातो, तेल लावलेली चिंदी दोरीने नळीतून ओढत बसायचं.

ज्यांना रायफल वागवावी लागत नाही ते हलकी मागतच नाहीत. पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्य जिंकलं, तेही .२२ बोल्ट-अ‍ॅक्शननेच. त्या प्रकारात पुरुषांना आठ किलोंपर्यंतची रायफल चालते, कारण जड रायफल हलत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा नोकरीला मध्य रेल्वेत, आपल्याच लाइनवरच्या खात्यात.

आज ठाणे-कल्याणात जनावरावर रोखली जाणारी रायफल बोल्टची नाही, दारूचीही नाही. २० फेब्रुवारी २०१९ला समतानगरच्या कोरम मॉलमध्ये बिबट्या शिरला, नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेच्या एका इमारतीत. दोन्ही वेळा वन विभागाच्या माणसांनी बिबट्याला बेशुद्ध करून नेलं. या कामाची बंदूक दाबाखालच्या वायूवर चालते आणि गोळीऐवजी औषधाची सुई असलेली पिचकारी फेकते. हलकी असते, धक्का नसतो. नेमबाजाचं खरं काम चाप दाबण्याआधी संपतं. बिबट्या अंदाजे किती किलोंचा, त्यावर औषधाची मात्रा. तो किती मीटरवर, त्यावर वायूचा दाब. मोकळ्या रानात वीस मीटरसाठी लावलेला दाब जिन्यात पाच मीटरवर तसाच राहिला, तर पिचकारी मांसात खोल घुसते आणि जनावर जायबंदी होतं. दाब फार उतरवला तर सुई कातड्यावरून उसळते आणि बिथरलेला बिबट्या त्याच जिन्यात शुद्धीवर असतो. बरोबर बसली, तरी औषध चढायला काही मिनिटं जातात.