आवड एकट्याची नसते

आवडत्या गाण्याबद्दल आपण मालकाच्या सुरात बोलतो. शिक्षण, नोकरी, राहतं गाव यांत तडजोडी झाल्या असतील, पण आवड मात्र अस्सल आपली, असं प्रत्येकालाच वाटतं. प्रत्यक्षात आयुष्याला वळण लावणारी आवड बहुतेकदा दुसऱ्या कुणीतरी लावलेल्या गाण्यातून सुरू होते. काय कानांवर पडावं हे आपल्या हाती नसतं. जे पडलं त्याच्या मागे किती जायचं, एवढंच आपल्या हाती असतं. हे मान्य केल्यानं आवडीचं मोल कमी होत नाही. उलट, आपल्या आसपास वाढणाऱ्या मुलांच्या कानांची जबाबदारी आपल्यावर येते.

पंडित भीमसेन जोशींचं उदाहरण घ्या. लहान वयात त्यांनी अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतली ठुमरी ध्वनिमुद्रिकेवर ऐकली. ती तबकडी त्यांनी विकत आणली नव्हती की निवडलीही नव्हती. भलत्याच कुणीतरी ती लावली होती. तसं गाता यावं या ओढीनं १९३३ साली, अकराव्या वर्षी, त्यांनी गदगचं घर सोडलं. गुरूच्या शोधात ग्वाल्हेर, जालंधर अशी पायपीट करून ते अखेर स्थिरावले ते कुंदगोळच्या सवाई गंधर्वांपाशी, म्हणजे त्याच खाँसाहेबांच्या शिष्यापाशी. पुढे गुरूच्या स्मरणार्थ १९५३ पासून पुण्यात संगीत महोत्सव सुरू झाला आणि रात्र-रात्र बसून ऐकणाऱ्यांच्या पिढ्या तिथं तयार झाल्या. एका मुलाच्या कानांवर योगायोगानं पडलेल्या सुरांनी त्याचं आयुष्य घडवलं, आणि त्या आयुष्यानं एका शहराची आवड घडवली.

हा अपवाद म्हणून सोडून देता येत नाही, कारण सामान्य श्रोत्यांवरचं संशोधनही याच दिशेनं बोट दाखवतं. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं १९६८ मध्ये दाखवून दिलं, की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली, तरी तिच्याविषयी जवळीक वाढते. १९८९ मध्ये हॉलब्रुक आणि शिंडलर यांच्या पाहणीत आढळलं, की माणसाला सर्वांत जास्त आवडतात ती तो साधारण तेवीस-चोवीस वर्षांचा असतानाची गाणी. सर्वांत बोलका निष्कर्ष कॅरल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांच्या २०१३ सालच्या अभ्यासाचा आहे. विशीतल्या तरुणांना त्यांनी जुनी लोकप्रिय गाणी ऐकवली. स्वतःच्या काळातल्या गाण्यांखेरीज या मुलांना आई-वडिलांच्या तरुणपणीचीही गाणी जवळची वाटत होती, आणि त्याहूनही जुन्या, १९६०च्या दशकातल्या गाण्यांशीही त्यांचं नातं दिसलं. घरात सतत वाजत राहिलेलं संगीत त्यांच्या आठवणींत मुरलं असावं, हा संशोधकांचा तर्क मला पटतो. आवडीलाही वारसा असतो.

यावर पहिला आक्षेप असा, की सगळं कानांवर पडण्यावरच ठरत असेल, तर माणसाचं स्वतःचं काय उरलं? पण अब्दुल करीम खाँची तबकडी त्या काळी असंख्य लोकांनी ऐकली. तिच्यापायी घर सोडून निघालेला मुलगा विरळा. कुमार गंधर्वांचं आयुष्य हेच अधिक स्पष्ट करतं. लहानपणीच गाजलेला हा गायक क्षयरोगामुळे १९४८ मध्ये देवासला राहायला गेला आणि गाणं काही वर्षं बंद पडलं. गाता येत नव्हतं तेव्हा ते ऐकत राहिले. माळव्यातल्या बायकांची लग्नाची, सणावारांची गाणी तिथं साऱ्यांच्याच कानांवर पडत होती. कुमारजींनी त्यांतली रागबीजं हेरली, त्यांतून नवे राग उभे केले आणि आजारातून उठल्यावर त्यांचं गाणंच वेगळं झालं. ऐकायला मिळणं हा योग; ऐकलेल्याला आयुष्यात जागा देणं हे कर्तृत्व.

दुसरा आक्षेप आजचा आहे. आता जगातलं सगळं संगीत फोनवर आहे, मग कुणी काही लावून देण्याची गरज काय? गरज आहे, कारण फोनवरची शिफारस प्रामुख्यानं आपण आधी काय ऐकलं यावरून ठरते. जे कधी ऐकलंच नाही, ते मागायचं कसं? शिवाय कानात बोंडं घालून ऐकलेलं गाणं शेजारी बसलेल्या मुलापर्यंत पोचत नाही. १९५५च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झालं, तेव्हा रेडिओ घरोघरी नव्हते. गदिमा आणि सुधीर फडके यांची छप्पन गीतं आठवड्याला एक या संथ गतीनं आली, आणि माणसांनी ती एकत्र बसून ऐकली. त्या गीतांचा दर्जा वादातीत आहे, पण ती पिढ्यान्‌पिढ्या टिकण्यात त्या वाट पाहण्याचा आणि सोबतीनं ऐकण्याचाही वाटा आहे. निवड अमाप झाली, तरी ही सोबत आपोआप मिळत नाही.

मुलांवर आपली आवड लादली तर ती त्या गाण्याचाच तिटकारा करतील, ही भीती मात्र खरी आहे. म्हणून ‘हे ऐक, हे चांगलं आहे’ असा आग्रह नको. आपल्याला मनापासून आवडतं ते घरात मोठ्यानं लावावं, स्वतः तल्लीन होऊन ऐकावं, आणि मुलांनी आणलेलं गाणंही तितक्याच मोकळेपणानं ऐकावं. त्यातलं काय रुजेल हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा. पण पुढे निवडायला त्यांच्यापाशी काहीतरी असावं, एवढी तजवीज आज आपण करायला हवी. ज्या सुरांनी आपल्याला घडवलं ते कुणीतरी आपल्यासमोर लावले होते. ते ऋण असंच फेडता येतं.