भाकरीतले दोन हजार

संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची यात्रा भरते, आम्ही तिला गड्डा म्हणतो. समजा, यंदाच्या गड्ड्याला नंदीध्वजांपुढे हात जोडून साऱ्या शहराने एक काम अंगावर घेतलं : एका माणसाच्या शरीरातल्या पेशी मोजायच्या. २०११च्या जनगणनेनुसार शहरात ९,५१,५५८ माणसं. तान्ह्या बाळापासून खाटेवरच्या आजीपर्यंत प्रत्येकाने दर सेकंदाला एक पेशी मोजायची. झोप नाही, जेवण नाही, दुकानं बंद, माग बंद. मोजणी कधी संपेल?

पुढच्या गड्ड्याला. माणसाच्या शरीरात साधारण ३० लाख कोटी पेशी असतात. त्याला शहराच्या लोकसंख्येने भागलं की ३ कोटी १५ लाख सेकंद येतात, आणि वर्षात सेकंद असतात तेवढेच. हा भागाकार इतका नेमका बसला की मी तो दोनदा करून पाहिला. एकट्याने मोजायला बसलात तर साडेनऊ लाख वर्षं लागतील.

पण खरं तर ही मोजणी पुढच्या गड्ड्यालाही संपायची नाही. शरीरातल्या दर सहा पेशींपैकी पाच तांबड्या रक्तपेशी असतात. त्या सुमारे १२० दिवस जगतात आणि त्यांची जागा घ्यायला अस्थिमज्जा दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक नव्या पेशी तयार करते. म्हणजे सगळं शहर सेकंदाला साडेनऊ लाख पेशी मोजतंय आणि तेवढ्याच वेळात समोर दुपटीहून जास्त नव्या येऊन उभ्या राहतात. जुन्या तितक्याच वेगाने मोडीत निघतात म्हणून एकूण आकडा जागेवर राहतो इतकंच.

मग हा आकडा आला कुठून? जीवशास्त्राच्या पुस्तकात वैज्ञानिक पद्धतीचा धडा पहिला असतो आणि परीक्षेत त्याला गुण कमी म्हणून पोरं तो सोडून देतात. मला वाटतं, सगळ्या पुस्तकात तोच सर्वात थरारक आहे. पेशी एकेक करून कुणी मोजत नाही. एका थेंबातल्या मोजायच्या आणि थेंबावरून लिटरभर रक्ताचा हिशेब मांडायचा. यकृताचं, स्नायूंचं, चरबीचं तसंच करायचं आणि मग बेरीज. अशा हिशेबात एक गृहीत चुकलं की काय होतं, त्याची एक गोष्ट शाळेशाळेत सांगायला हवी. माणसाच्या अंगात त्याच्या स्वतःच्या पेशींच्या दहापट जिवाणू असतात, हे वाक्य चाळीसेक वर्षं जगभरच्या पुस्तकांत छापलं जात होतं. त्याचं मूळ १९७२ सालच्या एका ढोबळ अंदाजात होतं. मोठ्या आतड्यात जिवाणूंची जी दाटी असते, ती त्या अंदाजात साऱ्या अन्नमार्गाला लावली गेली होती. २०१६ साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी सहकाऱ्यांबरोबर हिशेब नव्याने मांडला. जिवाणू निघाले सुमारे ३८ लाख कोटी, म्हणजे पेशी नि जिवाणू जवळजवळ बरोबरीत. सगळ्या जिवाणूंचं वजन मिळून पाव किलोसुद्धा भरत नाही. दहास एक हे प्रमाण जवळजवळ एकास एकवर आलं. त्या दुरुस्तीबद्दल मला फार आदर वाटतो, कारण छापलेलं वाक्य पुन्हा मोजून पाहावंसं कुणाला तरी वाटलं.

अंगातल्या जिवाणूंच्या संख्येची तुलना सर्वात आधी केली ती एका कापडवाल्याने. मागांच्या सोलापुरातल्या माणसाला हे ऐकून बरं वाटेल. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी अँटनी व्हान लेव्हेनहुक कापडाचा व्यापार करायचा. सुताची वीण तपासायला कापडवाले भिंग वापरत. त्याने स्वतःच्या हाताने कितीतरी सरस भिंगं घासली आणि पाण्याचे थेंब, दातांवरचा मळ, जे हाती येईल ते पाहत सुटला. १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला त्याने कळवलं की, आपल्या तोंडात जितके जीव आहेत तितकी माणसं साऱ्या नेदरलँड्समध्ये नाहीत.

सुताचीच गोष्ट निघाली आहे तर डीएनए बघू. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरतो. तो ज्या केंद्रकात बसतो त्याचा व्यास मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या जेमतेम सहापट. सगळं दहा हजार पटींनी मोठं करू या. केंद्रक लिंबापेक्षा थोडं मोठं होईल. आतला धागा डोक्यावरच्या केसाहून बारीकच राहील आणि त्याची लांबी होईल वीस किलोमीटर. लिंबाएवढ्या गोळ्यातला हा धागा उलगडत बार्शी रस्त्याने सोलापुरातून निघालात तर जवळजवळ नान्नजला पोचाल. हा धागा ४६ तुकड्यांत असतो आणि प्रथिनांच्या बारक्या रिळांभोवती गुंडाळलेला असतो. मागावर बसण्याआधी कांडी भरताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे मी आणखी काय सांगणार! फरक एवढाच की, कांडीवरचं सूत एकदाच उलगडतं आणि इथे हवा तेवढाच भाग सुटतो, वाचला जातो आणि पुन्हा गुंडाळला जातो. पिकलेल्या तांबड्या रक्तपेशींना केंद्रक नसतं. त्या वगळल्या तरी केंद्रकवाल्या सुमारे ३ लाख कोटी पेशी उरतात. त्यांचे धागे एकापुढे एक जोडले तर ६०० कोटी किलोमीटर होतात. सूर्य १५ कोटी किलोमीटरवर आहे. म्हणजे वीस वेळा जाऊन वीस वेळा परत.

नान्नजपर्यंत आलोच आहोत, तर थांबू.

इथे डोंगर नाही, रान नाही. मुरमाड माळ, त्यावर कुसळी आणि पवन्या गवत, मधूनच बोरीची झुडपं. लांबून आलेला पाहुणा विचारतो, इथे आहे काय? पायाखालची एक ग्रॅम माती घ्या, चिमूटभर. सुपीक मातीच्या एवढ्याशा चिमटीत शंभर कोटी जिवाणू असू शकतात. माळावरच्या कोरड्या मातीत ते कमी असले तरी आकडा कोटींच्या घरातच राहतो. मुंग्यांचा हिशेब २०२२ साली प्रसिद्ध झाला. पृथ्वीवर अंदाजे २०,००० लाख कोटी मुंग्या आहेत, माणशी पंचवीस लाख. पुढचं पाऊल टाकताना या आपल्या वाटणीच्या पंचवीस लाख मुंग्या मला हटकून आठवतात.

वर चढत गेलं की मात्र आकडे आटतात. गवत सूर्याची जी ऊर्जा साठवतं, त्यातला साधारण दहावा हिस्सा नाकतोड्यांच्या अंगी लागतो. नाकतोड्यांतला दहावा हिस्सा त्यांना खाणाऱ्याच्या. बाकीची ऊर्जा जगण्यात आणि उष्णतेत खर्च होते. हा विचार अमेरिकेतल्या रेमंड लिंडमन या तरुणाने एका लहानशा तळ्याचा अभ्यास करून मांडला. त्याचा निबंध आधी नाकारला गेला होता. १९४२ साली तो छापून आला तेव्हा लिंडमन सत्ताविसाव्या वर्षी वारला होता. त्याच्या हिशेबाने ढोबळमानाने हजार किलो गवतावर शंभर किलो किडे पोसतात आणि शंभर किलो किड्यांवर दहा किलोचा एक पक्षी.

तसा पक्षी याच माळावर आहे. किंवा होता म्हणू. कोणता शब्द लिहावा, यावर माझी लेखणी बराच वेळ अडली. माळढोक. उभा राहिला तर मीटरभर उंच, नराचं वजन पंधरा किलोपर्यंत, जगातल्या उडू शकणाऱ्या सर्वात जड पक्ष्यांपैकी एक. नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरं आणि शेतातल्या भुईमुगाच्या शेंगा हा त्याचा आहार. मादी उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडं घालते. १९६९च्या सुमारास भारतात १,२६० माळढोक असावेत, असा अंदाज होता. आज साऱ्या देशात दीडशेच्या आसपास उरलेत आणि त्यातले बहुतेक राजस्थानात.

नान्नजचं अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं तेव्हा कागदावर त्याचं क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, निम्म्या सोलापूर जिल्ह्याहून मोठं. त्यात गावं आली, शहरं आली, लोकांच्या जमिनी आल्या. खरेदी-विक्री अडली आणि शेतकऱ्यांचा राग ज्याने काही मागितलंच नव्हतं त्या पक्ष्याच्या वाट्याला आला. पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. खरं गवताळ रान त्याहूनही कितीतरी कमी, तुकड्यातुकड्यांत विखुरलेलं. अलीकडे इथे दिसणारे माळढोक एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. ऑक्टोबर २०२४मध्ये जैसलमेरच्या प्रजनन केंद्रात कृत्रिम रेतनातून एक पिल्लू जन्मलं आणि देशभर बातमी झाली. एक पिल्लू.

या एकाचं मोल कळायला मला भाकरी उपयोगी पडली. सोलापूरची मालदांडी ज्वारी हजार दाण्यांना साधारण पस्तीस ग्रॅम भरते. एका भाकरीला सत्तर ग्रॅम पीठ धरलं तर त्यात दोन हजार दाणे होतात. प्रत्येक दाण्यात एक अंकुर झोपलेला, आणि अंकुराच्या प्रत्येक पेशीत ७३ कोटी अक्षरांचा संच (गव्हाचा १,७०० कोटींचा आहे, माणसाचा ३१० कोटींचा). शेंगांची चटणी घेऊन आपण ती भाकरी दोन मिनिटांत संपवतो आणि दुसरी वाढून घेतो. मालदांडीला त्याने काही होत नाही. तिचे दाणे मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पुन्हा पेरले जातात, पुन्हा हुरड्याला येतात. पण १९६९ साली साऱ्या भारतात जेवढे माळढोक होते, त्याहून एका भाकरीतले दाणे जास्त आहेत. आजच्या माळढोकांएवढे दाणे पहिल्या घासातच संपतात.

बुद्ध पौर्णिमेला वन खात्याची माणसं पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर बसून प्राणी मोजतात. लख्ख चांदणं असतं. काळवीट येतात, कोल्हे येतात, लांडगा येऊन पाणी पिऊन जातो, कागदावर एकेक रेघ वाढते. सकाळ होते, उन्हं चढतात. माळढोकाच्या रकान्यासाठी सोलापूर शहर गोळा करावं लागत नाही, वर्षही लागत नाही. एक माणूस दुर्बीण लावून माळाकडे बघत असतो आणि त्याच्या हातातली पेन्सिल अजून टेकलेली नसते.