पातूरचा घाट आणि इंजिनाचा माथा
मे महिन्यात अकोल्याहून निघून, पातूर मागे टाकून मेडशीकडचा घाट चढताना टर्बो इंजिनात हवा कोंबतो आणि सगळा ताप सिलिंडर हेडच्या माथी येतो. पेट्रोल टर्बोत एक्झॉस्टचा वायू 900 अंशांपर्यंत तापू शकतो. ॲल्युमिनियम तर 660 अंशांनाच वितळतं! तरी हेड टिकतं, कारण आतल्या पोकळ्यांतून कूलंट उष्णता ओढून नेतं. खरी नाजूक जागा दोन व्हॉल्व्हमधली चिंचोळी पट्टी. तडा बहुधा तिथंच. म्हणून दणकट हेडमध्ये कूलंटची वाट या पट्टीला खेटून काढतात. काही एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या पोकळ दांड्यात सोडियम असतं. ते 98 अंशांना पातळ होतं, हिंदकळत उष्णता दांड्याकडे नेतं. अन् आपण? रेडिएटरात खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी ओततो. क्षारांचा थर बसून कूलंटची हीच वाट बुजते.