घरात बंदूक आहे का?

विमा कंपनीला तुमचा केसपेपर कुठवर वाचता येतो, हा विषय या वेळी घ्यायचा होता. तो थांबू दे. मध्येच एक पत्र आलं आणि मला विम्यापेक्षा त्यातच जास्त गोडी वाटली.

पत्र लिहिणारे वाचक सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, पुण्यात वानवडीच्या बाजूला राहणारे. पत्नी गेली, त्यानंतर झोप उडाली, जेवण सुटलं, शेवटी मुलीने ओढतच डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी सगळं नीट ऐकून घेतलं, गोळ्या लिहिल्या आणि उठता उठता विचारलं, "घरात शस्त्र आहे का?" सुभेदारांकडे परवान्याची बारा बोअरची दुनळी आहे. "आहे" म्हणाले खरे, पण घरी पोचेपर्यंत डोक्यात किडा वळवळायला लागला. पत्रातले प्रश्न अगदी फौजी शिस्तीत आले आहेत. डॉक्टरला हे विचारायचा अधिकार आहे का? मी सांगितलं नसतं तर? आणि सांगितलेलं पोलीस आयुक्तालयात पोचतं का?

यातल्या पहिल्या प्रश्नावर अमेरिकेत काही वर्षं कोर्टबाजी चालली होती. २०१० साली फ्लोरिडातल्या ओकाला गावी एका बालरोगतज्ज्ञाने लहान मुलांच्या आईला विचारलं, घरात बंदूक आहे का. तिकडचे बालरोगतज्ज्ञ हा प्रश्न सहज विचारतात. पोहण्याच्या तलावाला कुंपण आहे का, फिनेल कुठे ठेवता, त्याच पंगतीतला. बाईंनी उत्तर द्यायला साफ नकार दिला. डॉक्टरांनी सांगितलं, तीस दिवसांत दुसरा डॉक्टर शोधा. झालं! नॅशनल रायफल असोसिएशनच्या हातात कोलीत मिळालं. जून २०११ मध्ये राज्याने कायदाच केला की उपचाराशी संबंध नसेल तर डॉक्टरने बंदुकीबद्दल विचारायचं नाही, त्याची नोंद करायची नाही आणि त्यावरून पेशंटच्या मागे लागायचं नाही. मोडला तर दहा हजार डॉलरपर्यंत दंड, वर डॉक्टरकीच्या परवान्यावर गदा.

मायामीकडचे फॅमिली डॉक्टर बर्न्ड वोलश्लेगर आणि त्यांचे काही सहकारी कोर्टात गेले. खालच्या कोर्टाने कायद्याला चाप लावला. अपिलात तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाने तो उचलून धरला, एकदा नव्हे तीनदा, आणि दर वेळी वेगळं कारण देऊन. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी ते तीन निकाल ओळीने वाचावेत, करमणूक होते. शेवटी १६ फेब्रुवारी २०१७ रोजी पूर्णपीठाने विचारण्यावरची, नोंदीवरची आणि मागे लागण्यावरची बंदी रद्द केली. बंदूक आहे म्हणून पेशंटशी भेदभाव करू नये, एवढं कलम तेवढं ठेवलं. माझ्या मते निकाल बरोबर, पण ओकालाच्या त्या डॉक्टरांचं वागणं मला अजून पटलेलं नाही. प्रश्न विचारायचा हक्क डॉक्टरचा असेल, तर उत्तर न देण्याचा हक्क पेशंटचा. त्यासाठी कुणाला दवाखान्याबाहेर काढत नाहीत.

आपल्याकडे असा बंदी घालणारा कायदा नाही. तेव्हा सुभेदारसाहेब, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. विचारू शकतात. ज्या माणसाला चार महिने झोप नाही आणि जगण्यात रस नाही, त्याला हे विचारणं हे डॉक्टरचं कामच आहे. निराशेचा झटका पुष्कळदा ओसरतो. तो ओसरेपर्यंत हाताशी काय आहे, यावर सगळं ठरतं.

गंमत अशी की आपल्याकडे सरकार पेशंटचं मन डॉक्टरकडून तपासून घेतं, पण ते बंदूक देताना. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवान्याच्या अर्जासोबत शारीरिक आणि मानसिक स्वास्थ्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि अर्जदार दारू किंवा अमली पदार्थांच्या आहारी गेलेला नाही असं त्यात स्पष्ट लिहावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना तीन वर्षांऐवजी पाच वर्षांचा झाला. आता पाच वर्षांत माणसाचं काय काय होतं! पत्नी जाते, धंदा बुडतो, मुलगा परदेशातून येईनासा होतो. परवान्याच्या पुस्तिकेत यातलं काही उतरत नाही. दुसऱ्या टोकाला, गोळीची जखम घेऊन कुणी इस्पितळात आलं की मेडिकोलीगल केस होते, पोलिसांना कळवलं जातं, ससूनच्या कॅज्युअल्टीत हवालदार वही घेऊन उभा राहतो. म्हणजे बंदूक घेताना डॉक्टरची सही आणि गोळी सुटल्यावर डॉक्टरची सही. मधल्या काळात विचारणारं कुणी असलंच, तर ते सुभेदारांच्या डॉक्टरांसारखं एखादं माणूस, स्वतःच्या अकलेने.

मग पेशंट का बिचकतो? उत्तराची किंमत काय पडेल हे त्याला ठाऊक नसतं म्हणून. ही भीती पोकळ नाही, हे ३१ जुलै २०२३ च्या पहाटे मुंबईकडे येणाऱ्या जयपूर एक्स्प्रेसमध्ये जे घडलं त्यानंतर दिसलं. रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानावर आपल्याच वरिष्ठाला आणि तीन प्रवाशांना सरकारी रायफलीने ठार मारल्याचा आरोप आहे. खटल्याचं काय ते न्यायालय बघेल. मारल्या गेलेल्या प्रवाशांच्या धर्माचा प्रश्नही तिथे आहे आणि तो मनोविकाराच्या चर्चेखाली झाकला जाऊ नये. माझं बोट आहे ते दोन-तीन दिवसांतच रेल्वेकडून आलेल्या एका निवेदनावर. त्याचा आशय असा की जवानांची ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी होते, शेवटच्या तपासणीत असा कुठला आजार आढळला नव्हता, उपचार त्याने आणि कुटुंबाने आपल्या पातळीवर घेतले आणि ही गोष्ट लपवून ठेवली. हे निवेदन लगोलग मागेही घेतलं गेलं.

मागे घेतलं हे ठीक, पण त्या "लपवून ठेवली" मध्ये सगळं आलं. खात्याच्या वहीत आजार लिहिला गेला तर बंदूक जाते, ड्यूटी बदलते, भत्ता जातो, बरोबरीचे लोक टोमणे मारतात. हे ठाऊक असलेला जवान लपवणार नाही तर काय करणार? गाव सोडून लांबच्या डॉक्टरकडे जाणार आणि पैसे रोख देणार. आणि त्या लांबच्या डॉक्टरने विचारलं, "तुम्ही काय करता?" तर सांगणार, "शेती." माझ्या दवाखान्यात, टेबलासमोर अशी "शेती" करणारी, केस बारीक कापलेली आणि बूट चकाचक असलेली माणसं बसून गेली आहेत. मी पुढे खोदत नाही. "रात्रपाळी असते का?" एवढं विचारतो, की मग गाडी आपोआप रुळावर येते.

लष्करात हे निदान उघड्यावर तरी आहे. सुभेदारांना "शेप" ही फौजेची वैद्यकीय श्रेणी सांगायला नको. त्यातलं पहिलं अक्षर, एस, हे मनाचंच. त्या खान्यात खालची श्रेणी लागली की हत्यार हाताळायचं नाही असा शेरा येऊ शकतो. तिथे डॉक्टरही फौजेचा, बंदूकही फौजेची आणि कागदही फौजेचा, त्यामुळे गुपित असं उरतच नाही. निवृत्तीनंतर मात्र बंदूक स्वतःची, डॉक्टर बाहेरचा. फौजी सवयीच्या माणसाला वाटतं, हा कागद कुठेतरी वर जाणारच.

जातो का? नाही. डॉक्टरने परवाना अधिकाऱ्याला आपणहून कळवलं पाहिजे, असं शस्त्र कायद्यात कलम नाही. उलट गुपित राखण्याची सक्ती आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत त्याला सूट आहे, पण मोजकी. कोर्टाचा हुकूम, कळवणं बंधनकारक असलेले रोग, आणि एखाद्या ठरावीक व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर, ओळखता येईल असा धोका, एवढीच दारं उघडी. (या संहितेच्या जागी २ ऑगस्ट २०२३ ला नवी आली होती, तीन आठवड्यांत तिला स्थगिती मिळाली आणि जुनीच पुन्हा लागू झाली, त्यावर एकदा सवडीने लिहीन.) मानसोपचार घेणाऱ्यासाठी तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २३ आणखी घट्ट आहे. दुसऱ्याला इजा होण्यापासून वाचवायचं असेल तर सांगता येतं, पण तेवढ्यापुरतंच आणि तितकंच. म्हणजे सुभेदार उद्या डॉक्टरांना म्हणाले, "शेजाऱ्याला उडवतो," तर डॉक्टर तोंड उघडतील आणि उघडलंच पाहिजे. "झोप लागत नाही आणि घरात दुनळी आहे," एवढ्यावर नाही. परवाना अधिकाऱ्याला दुसरीकडून काही कळलं तर कलम १७ खाली परवाना रद्द करायचा अधिकार त्याला आहे, ते वेगळं.

कायद्याचं असं. दवाखान्यातलं गुपित मात्र कलमाने राहत नाही, पडद्याने राहतं. आपल्या पेठांतल्या दवाखान्यात टेबलापाशी एक पेशंट, बाकावर दुसरा, दारात तिसरा "फक्त रिपोर्ट दाखवायचाय" म्हणत उभा, आणि कंपाउंडर मधूनच सुट्टे मागतोय. अशा ठिकाणी "घरात बंदूक आहे का?" हे पोलीस चौकीवर विचारल्यासारखंच झालं. अमेरिकेत भांडण झालं ते नोंद करावी की नाही यावरही. आपल्याकडे नोंद पेशंटच्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत असते आणि घरचा कुणीही ती उलगडून वाचतो.

आणि आता माझ्या आवडीच्या आडरस्त्यावर येतो. पुण्यात मी बंदुकीबद्दल क्वचितच विचारतो. दौंड, शिरूर, इंदापूरकडून आलेल्या पेशंटला मात्र एक प्रश्न चुकवत नाही. ऊस आणि कांदा करणारा एक पस्तिशीचा माणूस मेव्हण्याबरोबर आला होता. अंगात काही नाही म्हणाला, नुसती कणकण.

"फवारणीचं औषध कुठं ठेवता?"

तो मेव्हण्याकडे बघायला लागला. मेव्हण्याला मी चहा सांगून यायला धाडलं.

"पलंगाखाली."

"सगळं?"

"दोन डबडी. एक फोडलेलं."

"कधी बघत बसता का त्याच्याकडं?"

बराच वेळ गप्प. मग नुसती मान हलली.

मेव्हणा चहा घेऊन आला तोवर आमचं ठरलं होतं. डबडी चुलत्याच्या शेडमध्ये जाणार, कुलपाची किल्ली चुलत्याकडे, आणि कारण सांगायचं की घरात लहान पोरं आहेत. कारण खोटंही नव्हतं. केसपेपरवर मी झोपेचं आणि भुकेचं लिहिलं, डबड्यांचं लिहिलं नाही. कुणी म्हणेल ही अपुरी नोंद झाली. तो कागद त्याची आई वाचणार होती, शेजारचा मास्तर वाचून दाखवणार होता. मला अपुरी चालते.

आपली बंदूक ही अशी आहे, डबड्यातली, कृषी सेवा केंद्रातून आणलेली. तिला परवाना लागत नाही आणि डॉक्टरचं प्रमाणपत्रही लागत नाही. श्रीलंकेत १९९५ च्या सुमारास लाखामागे पन्नासाहून जास्त माणसं दर वर्षी आत्महत्या करत. सरकारने सर्वांत जहाल कीटकनाशकं टप्प्याटप्प्याने बंद केली. पुढच्या वीस वर्षांत प्रमाण एक तृतीयांशाच्याही खाली आलं, आणि शेतीचं उत्पन्न काही कोसळलं नाही. तमिळनाडूत डॉ. लक्ष्मी विजयकुमार आणि सहकाऱ्यांनी दोन गावांत शेतकऱ्यांना औषधं ठेवायला सामायिक कुलूपबंद कपाटं करून दिली. तिथेही विषबाधेचे प्रकार कमी झाले. या दोन्ही ठिकाणी कुणाच्या मनात डोकावावं लागलं नाही, हा त्यातला मला सर्वांत भावलेला भाग. नुसतं अंतर वाढवलं.

तोच इलाज सुभेदारांना. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात हत्यारं जमा करायची, हे त्यांना पाठ असेल. सरसकट सगळ्यांची जमा करू नका, समिती नेमून एकेकाचं बघा, असं मुंबई उच्च न्यायालयाने गोव्यातल्या गोविंद तिळवे यांच्या प्रकरणात २००९ मध्ये सांगितलं. पण जमा करायला निवडणूकच लागते असं नाही. परवानाधारकाला आपणहून, परवाना कायम ठेवून, अधिकृत शस्त्रविक्रेत्याकडे हत्यार सुरक्षित ठेवायला देता येतं. नियमांत तशी सोय आहे. पावती घ्यायची, परवान्याबरोबर ठेवायची. आजाराचा दाखला जोडायची गरज नाही. "मुलीकडे मुक्कामाला जातोय, घर बंद असतं," हे कारण पुरे, आणि सुभेदारसाहेब, दोन महिने खरंच जाऊन राहा.

तुमचा दुसरा प्रश्न राहिला: सांगितलं नसतं तर? काही झालं नसतं. गोळ्या तशाच मिळाल्या असत्या. फक्त पुढच्या भेटीत डॉक्टरांना एक विचारून बघा, "हे तुम्ही कुठे लिहिलंत?" हा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आचारसंहितेप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात, आणि मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २५ तो हक्क वेगळा देतंच. चांगला डॉक्टर कागद फिरवून तुमच्यापुढे धरेल.

विमा पुढच्या वेळी नक्की. ज्यांचा मेडिक्लेम "आजार लपवला" म्हणून नाकारला गेला असेल, त्यांनी कंपनीचं ते पत्र मला पाठवावं. नाव-पत्ता आणि पॉलिसी नंबर काळ्या शाईने खोडून. बॉलपेनने खोडलेलं उजेडात धरलं की वाचता येतं.