माडीची लाकडी जमीन आणि तिच्या दुरुस्तीचा खर्च

गोव्यातील जुन्या दुमजली घरांत, बेळगाव-खानापूरकडील कित्येक घरांत, तसेच इंदूर-ग्वाल्हेरच्या वाड्यांत माडीवर फळ्यांची जमीन आढळते. वाडवडिलांनी सागाच्या किंवा फणसाच्या फळ्या तुळयांवर जडविल्या, आणि त्यांवर तीन-चार पिढ्या वावरल्या. आता त्या काळवंडल्या आहेत, कोठे खरबरीत झाल्या आहेत, कोठे मुलांच्या तळपायांत कुसळे घुसतात. परगावी किंवा आखातात नोकरीस असलेला मुलगा पैसे पाठवितो व एकदाची माडी नीट करून घ्या म्हणून सांगतो. मग मेस्त येतो, खोलीभर नजर फिरवितो आणि चौरस फुटाचा भाव सांगतो. दुसरा येतो तो त्याच्या निम्म्याने करून देतो म्हणतो. घरची माणसे बुचकळ्यात पडतात. खोली तीच, फळ्या त्याच, मग भावांत एवढे अंतर का?

याचे कारण असे, की दोघे एकाच कामाचा भाव सांगत नसतात. एक जण फळ्या घासून त्यांवर चकाकी आणण्याचा भाव सांगतो. दुसरा खिळे, भेगा, वाळवी, जुने रोगण हे सारे हिशेबात धरतो. म्हणून मेस्ताला बोलावण्यापूर्वी आपण स्वतःच आपल्या जमिनीची परीक्षा करावी हे उत्तम.

क्षेत्रफळाचा हिशेब सोपा आहे. १२ फूट रुंद व २० फूट लांब अशी माडी म्हणजे २४० चौरस फूट, सुमारे २२ चौरस मीटर. एक लिटर व्हार्निश साधारणतः १० चौरस मीटर जागेस एक हात पुरते. म्हणजे तीन हातांना सात लिटरांच्या आसपास माल हवा. डब्याची किंमत दुकानात विचारली की कळते. परंतु डबा उघडण्यापूर्वी किती दिवस काम करावे लागेल हे दुकानदार सांगू शकत नाही, आणि खर्चाचा खरा चढउतार तेथेच होतो.

पहिला प्रश्न असा, की फळ्या मुळी घासावयास हव्यात काय? खोलीच्या मध्यावर, दाराशी आणि खिडकीखाली पाण्याचा एकेक थेंब टाकून पाच मिनिटे वाट पाहावी. थेंब मोत्यासारखा वर उभा राहिला तर जुने रोगण अजून शाबूत आहे. अशा जमिनीस यंत्र लावणे हा निव्वळ अपव्यय होय. ती स्वच्छ पुसून, बारीक पॉलिशपेपराने हलकेच खरडून, वर एक नवा हात दिला की काम भागते. थेंब शोषला गेला व खाली काळसर डाग उमटला, तर मात्र लाकूड उघडे पडले आहे असे समजावे. कित्येक घरांत दाराजवळचा पट्टा तेवढा उघडा असतो आणि उरलेली खोली चांगली असते. पण भाव सगळ्या खोलीचा सांगितला जातो.

घासणे आवश्यकच असेल तर फळीची जाडी पाहावी. आमच्या मते याहून महत्त्वाची दुसरी बाब नाही. यंत्राने एकदा पुरते घासले म्हणजे जवळजवळ एक मिलिमीटरपर्यंत लाकूड भुशाच्या रूपाने निघून जाते, आणि ते परत येत नाही. इंचभर जाडीच्या सागाच्या फळीस ही झीज जड जात नाही. परंतु जी फळी पूर्वी दोन-तीनदा घासली गेली आहे, किंवा जी शेजारच्या फळीत खाच पाडून गुंतविलेली आहे, तिची गोष्ट निराळी. खाचेवरचा ओठ पातळ झाला की तो चालता-चालता तुटतो, आणि मग फळीच बदलावी लागते. जिन्याच्या तोंडाशी किंवा उंबऱ्यापाशी फळीची कड दिसते. तेथे पट्टी लावून जाडी मोजता येते. नव्या घरांत थरांच्या फळ्या बसवितात. त्यांच्यावर अस्सल लाकडाचा पापुद्रा कधी कधी मिलिमीटरभरही नसतो, आणि तेथे यंत्र चालविणे म्हणजे जमिनीस मुकणेच.

मोठ्या यंत्राचा दोष असा, की ते सुरू असताना एके जागी क्षणभर थांबले तरी तेथे खड्डा पडतो. म्हणून हात सरावलेला हवा, आणि अशा हाताची मजुरी अधिक असणे रास्त आहे. पॉलिशपेपराचेही टप्पे असतात. खडबडीत जमिनीस ४० क्रमांकापासून आरंभ करून ६०, ८० व शेवटी १२० असे चढत जावे लागते. मधला टप्पा गाळला तर ओरखडे राहतात. कोऱ्या लाकडावर ते दिसत नाहीत, रोगणाचा हात फिरला की उघडे पडतात. स्वस्त भावाचे रहस्य पुष्कळदा या गाळलेल्या टप्प्यातच असते. कोपरे, भिंतीकडेच्या पट्ट्या आणि जिन्याच्या पायऱ्या येथे मोठे यंत्र पोहोचत नाही. ते काम लहान यंत्राने वा हातानेच करावे लागते. म्हणून जिना निराळा मोजला जातो व त्यात गैर काही नाही. खिळ्यांची डोकी आधी पृष्ठभागाखाली ठोकून घेतली पाहिजेत. एक वर राहिलेला खिळा कागद फाडतो, आणि त्याची ठिणगी भुशाच्या पिशवीत गेली तर आग लागण्याचेही भय असते.

आता फळ्यांवर पूर्वी काय लावले होते ते पाहू. स्पिरिटमध्ये भिजविलेला कापूस एखाद्या कोपऱ्यात घासला असता रोगण मऊ पडून कापसास लागले, तर ते चपड्याचे, म्हणजे लाखेचे पॉलिश होय. ते काढणे फारसे कठीण नसते. मेण मात्र त्रासदायक. आपल्या घरांत वेदीसमोर वर्षानुवर्षे मेणबत्त्या जळतात, संध्याकाळच्या जपमाळेच्या वेळी मेण ओघळते व फळीत मुरते. तेथे नवे रोगण धरत नाही. आठ-पंधरा दिवसांत त्याचे पोपडे निघू लागतात आणि दोष मेस्तावर येतो. ती जागा आधीच दाखवून द्यावी, म्हणजे टर्पेंटाइनने ती नीट धुऊन घेता येते. जुन्या तैलरंगाच्या बाबतीत अधिक सावध राहिले पाहिजे. पूर्वीच्या रंगांत शिसे घालीत असत. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाच्या प्रमाणावर कायद्याने कडक मर्यादा आली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून. असा रंग कोरडा घासला तर त्याची विषारी धूळ घरभर पसरते व लहान मुलांस ती विशेष बाधते. तो ओला करून वा रसायनाने काढावा लागतो. खर्च वाढतो खरा. पण येथे काटकसर नको.

फळ्यांखालचा खर्च तर सर्वांत फसवा. छपराचे कौल गळते, पाणी माडीवर ठिबकते, फळी कुजते. आणि आपण कौल तसेच ठेवून फळीस पॉलिश करू पाहतो! आधी कौले, मग वाळवी, मग तुळया आणि सर्वांत शेवटी पॉलिश, हाच क्रम योग्य. फळीवर बारीक भोके असून त्यांतून ताजे पीठ गळत असेल, तर आत किडा जिवंत आहे. चार-सहा फळ्या बदलावयाच्या झाल्यास पाडलेल्या घरांचे जुने लाकूड मिळते का पाहावे. नव्या सागाचा रंग जुन्याशी सहजी जुळत नाही.

या साऱ्या कटकटीस कंटाळून काही कुटुंबे फळ्यांवर सिमेंटचा थर घालून फरशा बसविण्याचा विचार करतात. त्यांनी एवढा हिशेब करावा. दोन इंचांचा थर व वर फरशी म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे १२० किलो. आपल्या २२ मीटरांच्या माडीवर अडीच टनांहून अधिक बोजा कायमचा चढतो, आणि तोही शंभर वर्षांच्या तुळयांवर. शिवाय ओल्या सिमेंटचे पाणी फळ्यांत मुरते ते वेगळेच. जाणत्या इंजिनिअरने तुळया तपासल्यावाचून हे साहस कोणी करू नये.

रोगणाची निवड घरातील वावर पाहून करावी. जवसाचे तेल स्वस्त, पण ते वारंवार द्यावे लागते. चपड्याचे पॉलिश दिसण्यात सुरेख, बिघडले तर तेवढ्याच जागी सुधारता येते. मात्र पाण्याचा लोटा ठेवला की त्यावर पांढरे वळे उमटते. पी.यू. म्हणून जे रोगण मिळते ते वर्षानुवर्षे टिकते, पण एकदा आरपार झिजले की बहुधा पुन्हा सबंध खोली घासावी लागते. सागात नैसर्गिक तेल असते, म्हणून पी.यू. देण्यापूर्वी फळ्या थिनरने पुसून घेणे आवश्यक आहे. घरात वृद्ध मनुष्य असेल तर आरशासारख्या चकाकीचा हट्ट धरू नये.

हंगामाचाही भावावर परिणाम होतो. पावसाळ्यात लाकूड फुगलेले असते, रोगण वाळत नाही, चपड्यावर तर दमटपणाने पांढरट झाक येते. नाताळापूर्वी प्रत्येकाला घर सजवावयाचे असते. मेस्तास उसंत नसते, आणि घाईत दोन हातांमध्ये वाळण्यास द्यावयाचा वेळ कापला जातो. तीन राजांच्या सणानंतर, जानेवारी-फेब्रुवारीत, हवा कोरडी असते व कारागीरही मोकळे होतात. ज्यांना थांबणे शक्य आहे त्यांनी तेव्हाच काम काढावे.

भाव ठरविताना फळ्या किती वेळा व कोणकोणत्या कागदाने घासणार, खिळे व भेगा कोण पाहणार, रोगणाचे हात किती, जिना व सामान हलविणे धरले आहे की नाही, हे कागदावर लिहून घ्यावे. तेलयुक्त रोगणाच्या दोन हातांमध्ये एक दिवस जाऊ द्यावा, आणि शेवटच्या हातानंतर तीन-चार दिवस कपाटे, पलंग परत आणू नयेत. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात कधीही टाकू नयेत. त्या आपोआप तापून पेट घेतात. त्या अंगणात एकेक पसरून वाळवाव्या किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवाव्या.